व्यवसायाचा रकाना

लागोसमध्ये भाड्याने घर बघायला गेलं की दारातच तीन प्रश्न येतात. जमात कुठली, नवरा कुठे आहे, आणि काम काय करता. इसोकेन ओमोरेगी पहिल्या दोन प्रश्नांतून कशीबशी निभावून जायची. बेनिन शहराकडची एडो आहे म्हटलं की मालक जरा तोंड वाकडं करत, पण चालवून घेत. नवरा नाही, म्हातारे वडील सोबत असतात म्हटलं की आणखी थोडं वाकडं करत, तेही चालवून घेत. तिसऱ्याचं खरं उत्तर दिलं की मात्र खेळ खलास. वकील हा शब्द कानावर पडला की मालकाला एकदम आठवायचं, त्या खोल्या कालच संध्याकाळी कुणाला तरी दिल्या.

आता यात मालकांचं सगळंच चुकतं असंही नाही. वकील घरात घुसला की दुसऱ्या वर्षी भाडं बंद करतो आणि निघ म्हटलं की कोर्टात जातो. कोर्ट म्हणजे त्याचं अंगण. मालक तारखांना खेटे घालून झिजतो आणि हा पंखा लावून झोपतो. असे दोन-चार नग निघाले आणि सगळ्या पेशाच्या तोंडाला काळं फासून गेले. त्याची शिक्षा भोगायची कुणी, तर इसोकेनने, जिने आयुष्यात कुणाचं एका दिवसाचं भाडं थकवलं नव्हतं.

घाई होती ती पापांमुळे. मुशिन वस्तीतल्या त्यांच्या घराच्या मालकाला त्या जागी चार मजले उठवायचे होते. नोटीस वगैरेच्या भानगडीत तो पडला नाही. एका सकाळी चार माणसं शिडी लावून चढली आणि पुढच्या खोलीवरचे पत्रे उतरवून घेऊन गेली. पापा खाली खुर्चीतच होते. वर्षापूर्वी झटका येऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, त्यामुळे उठून जाणं शक्य नव्हतं. वरून पडणारी धूळ आणि गंजाचे पोपडे अंगावर घेत ते बसून राहिले. संध्याकाळी इसोकेन कामावरून आली तेव्हा ते आकाशाकडे बघत होते.

"हवा खेळती झाली," ते अर्ध्या तोंडाने म्हणाले.

ती तिथेच उंबऱ्यावर बसून रडली. मागच्या खोलीवरचे पत्रे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी काढणार, असा निरोपही मालकाने ठेवला होता. ऑफिसातले लोक म्हणायचे, अगं वकील ना तू, खेच त्याला कोर्टात. खेचलं असतं. पण निकालाला वर्षं लागतात, आणि तोवर म्हाताऱ्याला काय छत्री धरून बसवायचं? शिवाय मालकाला कोर्टात खेचणारी बाई म्हणून नाव झालं असतं, तर उरलीसुरली दारंही बंद झाली असती. आणि घर हवं तळमजल्यावरचंच, कारण पापांची चाकांची खुर्ची जिना चढत नाही.

चौदा घरं पाहून झाल्यावर एका दलालाने तिला बाजूला घेतलं. "मॅडम, जमात राहू द्या, नवराही राहू द्या. तेवढा पेशा बदला."

तिने बदलला. पंधराव्या घरी ती शाळेतली बाई होऊन गेली.

ते घर सुरुलेरेत होतं, एका आडगल्लीत. कुंपणाच्या भिंतीवर लाल रंगात हातभर अक्षरं होती: हे घर विकाऊ नाही, ठकांपासून सावध. लागोसच्या निम्म्या भिंतींवर हेच लिहिलेलं असतं. मालक चार दिवस गावी गेला की मागे कुणीतरी त्याचं घर तिसऱ्यालाच विकून मोकळा होतो, म्हणून. वरच्या मजल्यावर मालकीण एकटी राहायची. मोरेनिके नावाची मुलगी होती तिला, ती लग्न होऊन परदेशात गेलेली, पण बाईला सगळी गल्ली अजून मोरेनिकेची आई म्हणूनच ओळखायची. इया मोरेनिके. नुसतं इया म्हटलं तरी कळायचं. सत्तरी उलटली होती, तरी रोज सकाळी फाटकाशी कढई मांडून अकारा तळायची. अकारा म्हणजे चवळीचे वडे. ते खाल्ल्याशिवाय त्या गल्लीतलं कुणी कामाला जात नसे.

इयाने दोघा बापलेकींना ओसरीवर बसवलं, पुढ्यात वडे ठेवले आणि चौकशी सुरू केली. शेजारी तिचा पुतण्या फोलारिन उभा होता. नवऱ्याच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाड्याचं, दुरुस्तीचं सगळं तोच बघायचा. कडक इस्त्रीचा सदरा, बोटात किल्ल्यांची कडी.

"कितवीला शिकवतेस?" इयाने विचारलं.

"तिसरीला."

"मुलांना मारतेस का?"

"नाही इया."

"मारत जा. न मारलेली मुलं पुढे वकील होतात."

फोलारिन मोठ्याने हसला. इसोकेनही हसली. तोंडातला वडा न गिळताच हसली.

इया मात्र गंभीर होती. तिने तळमजल्याच्या बंद दाराकडे बोट केलं. "याच खोल्यांत होता एक वकील. अकरा वर्षं. पहिलं वर्ष कसा गोडगोड बोलायचा, मला इया म्हणायचा, नवऱ्याला बाबा म्हणायचा. मग भाडं बंद. नवरा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत गेला माझा. निकालाच्या आधी तोच गेला. त्याच्या मातीवर हात ठेवून शपथ घेतलीय मी, या उंबऱ्याच्या आत पुन्हा वकील नाही." मग ती पापांकडे वळली. "तुमची मुलगी सरळ आहे ना हो? खरंच शाळेत शिकवते?"

इसोकेनने मान खाली घातली. पापांनी तीस वर्षं बेनिनच्या कोर्टात कारकुनी केली होती, वकिलांच्या फायली उचलल्या होत्या, आणि त्या तीस वर्षांत ठरवलं होतं की आपली मुलगी फायली उचलणार नाही, उघडणार. तिला सनद मिळाली त्या दिवशी तिच्या टोपाचा डबा त्यांनी बसमध्ये मांडीवरून खाली ठेवला नव्हता. कोर्टात वकील डोक्यावर घालतात तो, घोड्याच्या केसांचा पांढरा टोप. शेजारी बसलेल्या प्रत्येकाला झाकण उघडून दाखवत आले होते.

"शिकवते," पापा म्हणाले. "तिसरीला."

घर मिळालं. दोन वर्षांचं भाडं एकदम, शनिवारी किल्ली हातात पडताना द्यायचं. इसोकेन आनंदाने वेडी व्हायची बाकी राहिली होती. पण पापा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिने वकिलीचा डगला पिशव्यांच्या तळाशी दडवला, टोप गारीच्या डब्यात घातला आणि वर ते कसाव्याचं पीठ पसरलं, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"पिठात?"

"पापा, सामान उतरवताना कुणी बघितलं म्हणजे?"

"मग फेकूनच दे की," ते म्हणाले. "पीठ तरी वाया जाणार नाही."

शनिवार उजाडला. मुशिनमध्ये मागच्या खोलीला शिडी लागली होती आणि इकडे सामान टेंपोत चढत होतं. ही एकच गोष्ट वेळेवर झाली. पापांना ड्रायव्हरशेजारी बसवलं. गारीचा डबा मागे सामानात ठेवायला त्यांनी नकार दिला, मांडीवरच घेतला. सुरुलेरेला पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. टेंपो फाटकाशी लावून इसोकेन आत गेली. पर्समध्ये बँकेचा ड्राफ्ट होता. जन्माची पुंजी.

इया ओसरीवर परात घेऊन बसली होती. भिजवलेल्या चवळीची सालं काढत होती. फोलारिनने टेबल मांडलं होतं आणि त्यावर भाड्याचा करार, एक दुसरी फाईल आणि शाईची डबी. तो म्हणाला, "या टीचर, या. तुमचं काम दोन मिनिटांचं. त्याआधी काकीचा एक कागद उरकू. साक्षीदार हवाय, शिकलेला. बरं झालं तुम्ही आलात."

"कसला कागद?"

"काही नाही हो. काकीचं वय झालं. तिच्या वतीने भाडं गोळा करायचा अधिकार मला, एवढंच. तुम्ही खाली सही करायची, की तिला योरुबात वाचून दाखवलं आणि तिला समजलं."

इयाला योरुबा वाचता यायचं, इंग्रजी नाही. ती सालं काढता काढता म्हणाली, "वाच गं पोरी पटकन. दुपारच्या आत पीठ वाटायला द्यायचंय."

पापांनी तिला लहानपणी शिकवलं होतं, कागद शेवटच्या पानापासून वाचायचा, माणसाला गिळणारं जे असतं ते नेहमी मागे दडून बसतं. तिने शेवटचं पान उघडलं. पहिल्या पानावर भाडं गोळा करण्याचा अधिकार होता, फोलारिन खोटं बोलला नव्हता. तिसऱ्या, शेवटच्या पानावर मात्र असं होतं की पूर्ण मोबदला मिळाला असून, हे घर आणि खालची जमीन मी माझ्या पुतण्याच्या नावे कायमची करून देत आहे, आणि हे मला किंवा माझ्या वारसांना कधीही मागे घेता येणार नाही. त्याखाली अंगठ्याची जागा. त्याखाली साक्षीदाराची चार ओळींची चौकट: नाव, पत्ता, व्यवसाय, सही.

 असले कागद इसोकेन महिन्यातून दोनदा बघायची. कागदाची भाषा न येणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला कोर्टात काडीची किंमत नसते, जोवर कुणीतरी शिकलेला माणूस सांगत नाही की मी त्याला त्याच्या भाषेत समजावून दिलं. तिची सही म्हणजे इयाच्या घराला लागणारं कुलूप होतं. पुढे मोरेनिके विमानाने धावत आली असती तरी ते निघालं नसतं.

"इया," ती म्हणाली, "हा कागद आज नको. मोरेनिकेला फोन करा, तिला कळवा, मग बघू."

"का?" इयाचा हात परातीत थांबला.

"यात भाड्याखेरीज आणखीही आहे. घराचं आहे. घर फोलारिनभाऊंच्या नावे होतंय, असं लिहिलंय."

फोलारिन हसला. अगदी सहज, चुकलेल्या मुलावर हसावं तसा. "टीचर, हे तिसरीचं पुस्तक नव्हे. कायद्याची भाषा अशीच असते. अधिकार द्यायचा तर नावे करून देतो असंच लिहितात. काकी, हिला काय कळतंय यातलं? मुलांना पाढे शिकवते बिचारी."

इयाने दोघांकडे पाहिलं. "तूच सांग बाबा. लहानपणापासून माझ्या हातचं खाल्लंयस तू."

"माझ्यावर भरवसा नाही का काकी?"

"आहे रे." तिने परात बाजूला सरकवली, अंगठा कमरेच्या कापडाला पुसला आणि शाईच्या डबीकडे हात नेला.

फोलारिन इसोकेनकडे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाहेर टेंपो तुमचाच ना? म्हातारे उन्हात बसलेत. तुमच्यामागे नऊ माणसं रांगेत आहेत या खोल्यांसाठी, त्यातल्या दोघांचे तर सकाळपासून फोन येताहेत. लिहा. नाव, पत्ता, व्यवसाय, सही." त्याने किल्ल्यांची कडी तिच्यासमोर ठेवली आणि त्यावर पेन ठेवलं.

तिने फाटकाकडे पाहिलं. टेंपोच्या खिडकीतून पापांचं अर्धं डोकं दिसत होतं. ड्रायव्हर त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होता. सही केली तर तासाभरात ते स्वतःच्या खोलीत असतील, छताखाली, जिना नसलेल्या घरात. इथे कोण विचारणार होतं? ती टीचर होती. टीचरला कायद्यातलं काय कळतं? उद्या कुणी जाब विचारलाच तर हेच उत्तर होतं, आणि ते उत्तर फोलारिननेच तिच्या हातात दिलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, ती एवढ्याचसाठी की हा विचार तिने पूर्ण केला होता.

तिने पेन उचललं. नाव लिहिलं. पत्त्याशी अडली, कारण त्या घटकेला तिला पत्ताच नव्हता, म्हणून ती ओळ कोरी सोडली. व्यवसायाच्या रकान्यात तिने सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं. पुढे सनदेचा क्रमांकही लिहिला. सही केली नाही.

फोलारिनने वाचलं आणि त्याचं हसू तिथल्या तिथे जिरलं.

"काय लिहिलंय?" इया म्हणाली. अंगठा शाईत बुडालेला होता. "असा का उभायस? काय लिहिलंय तिने?"

"इया, मी शाळेत नाही शिकवत," इसोकेन म्हणाली. "मी वकील आहे. पाढे माझेही कच्चेच आहेत. पण असले कागद मी नेहमी वाचते. यावर अंगठा उमटला की हे घर तुमचं राहत नाही. वरचा मजलाही नाही, ही ओसरीही नाही. हवं तर त्यालाच विचारा, तिसऱ्या पानावर मोबदला मिळाला असं लिहिलंय, तर तुम्हाला काय मिळालं."

"ही खोटारडी आहे," फोलारिन म्हणाला. "आत्ताच स्वतःच्या तोंडाने कबूल केलं तिने. काकी, जी बाई पेशाबद्दल खोटं बोलते, ती..."

"तू गप्प." इया इतक्या हळू बोलली की तो खरंच गप्प झाला. "पोरी, तिसरं पान वाच. योरुबात."

इसोकेनने वाचलं. लागोसमध्ये शिकलेल्या योरुबात, एकेक ओळ, सावकाश. वाचून झाल्यावर इयाने तो कागद तिच्या हातातून घेतला, घडी केली आणि चोळीत खोचला. शाईचा डाग चोळीवर पडला. तिने फोलारिनकडे पाहिलंसुद्धा नाही. तो काहीतरी पुटपुटला आणि किल्ल्या तिथेच टाकून निघून गेला. जाताना फाटक उघडंच राहिलं.

टेबलावर किल्ल्या पडल्या होत्या. इसोकेनला वाटलं, आता इया त्या उचलेल आणि माझ्या हातात ठेवेल. असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

इया बराच वेळ रडली. आवाज न करता, डोळे न पुसता, नुसतं पाणी गळत होतं. मग म्हणाली, "माझं घर वाचवलंस. देव तुझं भलं करो."

"इया..."

"पण खोल्या नाही देणार तुला."

"मी भाडं आणलंय, दोन वर्षांचं. मी कधी थकवणार नाही. लिहून देते."

"लिहून त्यानेही दिलं होतं. आणि त्याने निदान पहिल्या दिवशी खरं तरी सांगितलं होतं, वकील आहे म्हणून. तू माझ्यासमोर बसून माझे वडे खाल्लेस आणि खोटं बोललीस. त्या म्हाताऱ्यालाही बोलायला लावलंस." तिने हात चवळीच्या पाण्यात बुडवला, पण काही सोललं नाही. "आज घरच्याने असं केलं. आता बाहेरच्यावर कशाच्या बळावर विश्वास ठेवू, सांग. माझ्यात नाही उरला गं. शपथ मोडायलाही काहीतरी अंगात लागतं."

इसोकेनने पर्सची चेन लावली. कोर्टात असती तर दहा मुद्दे मांडले असते. इयाने सकाळचे उरलेले वडे कागदात बांधले आणि तिच्या हातात दिले. "वडिलांना दे. त्यांचा दोष नाही यात." मग किल्ल्या उचलून ती भिंतीला धरत जिना चढून गेली.

टेंपोत पापा घामाने भिजले होते. "मिळाली किल्ली?"

"नाही."

तिने सगळं सांगितलं. तिथेच, फाटकाशी उभं राहून, ड्रायव्हरच्या देखत. लपवायला आता काही उरलं नव्हतं. पापा ऐकत होते. 

"रकान्यात काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"वकील."

"नुसतं वकील?"

"सनदेचा क्रमांक पण."

"पूर्ण?"

"पूर्ण, पापा."

त्यांनी उजव्या हाताने मांडीवरच्या डब्याचं झाकण काढायचा प्रयत्न केला. निघेना, तेव्हा ड्रायव्हरने काढून दिलं. त्यांनी पिठात हात घालून टोप बाहेर काढला, दाराच्या कडेवर आपटून झटकला आणि मांडीवर ठेवला. गारीचं पीठ त्यांच्या पँटवर सांडलं.

"हिचा आहे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "माझ्या मुलीचा."

ड्रायव्हरने टोपाकडे पाहिलं, मग इसोकेनकडे, मग मागे बांधलेल्या सामानाकडे. गल्लीत कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, टेंपोने रस्ता अडवला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "गाडी कुठे घ्यायची?"